उठलं की थांबतंय

“सात,” कर्नलसाहेब म्हणाले आणि त्यांनी मांडीवरच्या कागदावर सातवी उभी रेघ ओढली.

मैदानात दोनशे पावलांवर आमचं गवत कापायचं मशीन पुन्हा थांबलं होतं. दौलूमामा सीटवरून उतरले, चार पावलं पुढे गेले, वाकले, गवतातून काहीतरी उचललं, मशीनच्या मागे अडकवलेल्या पोत्यात टाकलं आणि परत सीटवर चढले. क्लच दाबून किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. या सगळ्याला पाऊण मिनिट लागलं. मी घड्याळाकडे बघत होतो.

“कालचं मशीन एकदाबी बंद पडलं नव्हतं,” खुर्चीमागे उभे असलेले हेडक्लार्क कुराडे म्हणाले.

“हे बंद पडत नाहीये, सर,” मी कर्नलसाहेबांना म्हणालो. “सीटखाली स्विच आहे. चालवणारा सीटवरून उठला की इंजिन आपोआप थांबतं. फिरतं पातं कुणाच्या पायावर जाऊ नये म्हणून तशी सोय केलेली असते.”

“म्हणजे बंद पडतंयच की,” कुराडे म्हणाले.

 मैदानात इंजिनाचा आवाज थांबला.

“आठ,” ते म्हणाले.

तो नऊ ऑगस्टचा दिवस होता, साल २००६. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि कोल्हापुरात शेतीची यंत्रं विकणाऱ्या एका दुकानात सेल्समन होतो. नोकरी पक्की झालेली नव्हती. शाळा गडहिंग्लजच्या पुढे पठारावर होती. निवासी, मुलामुलींची, परेडचं मैदान धरून अकरा एकर गवत. पंचवीस वर्षं ते गवत बैलानं ओढायच्या लोखंडी यंत्रानं कापलं जायचं आणि ते यंत्र हाकायचे दौलू तोडकर. शिमग्याच्या आसपास बैल म्हातारपणानं मेला. नवा बैल घ्यायचा नाही असं शाळेच्या समितीनं ठरवलं. बसून चालवायचं मशीन घ्यायचं ठरलं.

दोन दुकानं पुढे आली. दुसऱ्या दुकानानं मशीनबरोबर स्वतःचा ड्रायव्हर देऊ केला होता, वर्षाच्या करारानं. तसं झालं की दौलूमामांची आणि त्यांच्याबरोबर खुरपं घेऊन कडेचं गवत काढणाऱ्या तीन बायकांची शाळेला गरज उरणार नव्हती. आमच्या दुकानाकडे फक्त मशीन होतं. ते घ्यायचं तर चालवणारा शाळेचाच हवा होता.

प्राचार्य कर्नल रणनवरे सैन्यातून निवृत्त होऊन शाळेत आलेले. त्यांनी दोन्ही दुकानांना एकच परीक्षा लावली. एक एकराचा चौकोन पांढऱ्या फक्कीनं आखायचा आणि तो तासाच्या आत कापून दाखवायचा. काल दुसऱ्या दुकानाच्या ड्रायव्हरनं बावन्न मिनिटांत कापला होता. आमच्या बाजूनं दौलूमामा बसणार होते. मामा छप्पन्न वर्षांचे होते. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती.

“तोडकरला जमलं तर तो राहील,” कर्नलसाहेबांनी मला सकाळी फाटकातच सांगितलं होतं. “नाही जमलं तर मी मुलांच्या फीमधून त्याला बसून पगार देऊ शकत नाही. हे त्यालाही सांगितलंय. त्यामुळे तुम्ही वेगळं सांगायची गरज नाही.”

मी तीन दिवस आधी येऊन मामांना शिकवलं होतं. त्यांनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती, पण दुसऱ्या दिवशी दुपारी ते मशीन सरळ रेषेत नेत होते, मैदानाच्या टोकाला वळवून पुन्हा आधीच्या पट्ट्याला लावत होते. चपला ते मैदानाच्या कडेला काढून ठेवायचे. मी बूट घालायला सांगितले तर म्हणाले, “ह्या गवतावर म्या कवा चप्पल घालून पाय ठेवला न्हाई. आता म्हातारपणी ठेवू व्हय?”

एक सवय मात्र मला त्यांची सोडवता आली नव्हती. ते दगड दिसला की उतरायचे.

पठारावर जांभा आहे. पावसाळ्यात माती वाहून जाते आणि दगड वर येतात. मामा म्हणायचे, गाय वासरू विती तशी जमीन दगड विती. बैलाच्या वेळी दगड दिसला की ते “हो” म्हणायचे, बैल थांबायचा, ते पुढे जाऊन दगड उचलायचे आणि जुवाला बांधलेल्या पोत्यात टाकायचे. संध्याकाळी ते पोतं एकट्याला उचलवणार नाही एवढं भरायचं. पंचवीस वर्षं असंच चाललं होतं.

पहिल्या दिवशी ते सवयीनं चालत्या मशीनवरून उठले आणि इंजिन थांबलं, तेव्हा ते दचकून माझ्याकडे बघायला लागले.

“मोडलं काय ओ पावणं?”

मी त्यांना स्विच समजावून सांगितला. सीट उचलून दाखवला. त्यांनी स्वतः बोटानं तो दाबून बघितला, सोडून बघितला. मग सीटवर बसले, उठले, पुन्हा बसले. प्रत्येक वेळी मशीनकडे कौतुकानं बघितलं.

“उठलं की थांबतंय,” ते म्हणाले. “पाखऱ्यासारखंच हाय की. पाखऱ्याला तर ‘हो’ म्हणाय लागायचं. ह्येला तेबी नगं.”

पाखऱ्या म्हणजे तो बैल.

“मामा, परीक्षेच्या दिवशी उतरू नका. दगडावरून जाऊ द्या. वेळ मोजणार आहेत.”

“बरं,” ते म्हणाले.

नऊ तारखेला सकाळी साडेनऊला सुरुवात झाली. पहिल्याच पट्ट्यात ते तीनदा उतरले.

कर्नलसाहेबांच्या कागदावर शेवटी तेवीस रेघा झाल्या. वेळ लागला एक तास अठरा मिनिटं. कुराड्यांनी तो आकडा मोठ्यानं वाचला आणि वहीत लिहिला.

दौलूमामा घाम पुसत आले आणि कर्नलसाहेबांसमोर पाय जुळवून उभे राहिले.

“तोडकर, तुला सांगितलं होतं ना, उतरायचं नाही म्हणून?”

“व्हय सायब.”

“मग?”

“दगड व्हतं सायब.”

“काल त्यांच्या माणसाला नव्हते का दगड?”

“व्हतं की. त्येनं उडवलं. सतरा उडवलं. म्या मोजलं.” मामांनी व्यायामशाळेच्या खिडकीकडे हात केला. “त्यातला एक तितं लागला.”

खिडकीच्या एका काचेला तडा होता. कुराडे हसले. “ती काच पोरांनी फोडलीया चेंडूनं. आता मशीनवर ढकलू नकोस.”

कर्नलसाहेबांनी काचेकडे एकदा बघितलं. मग घड्याळ बघितलं. “मशीन नवीन आहे, माणूसही नवीन आहे. आणखी एक संधी देतो. शेजारचा चौकोन. बरोबर पावणेबारा. त्यानंतर समितीला फोन करून निर्णय कळवायचाय.”

“सर, बायकांना आधी दगड वेचायला सांगितले तर?” मी विचारलं.

“काल त्यांच्यासाठी कुणी वेचले नव्हते,” ते म्हणाले आणि आत गेले.

सव्वाअकराला मी मालकांना फोन केला. चौगुलेसाहेब हिशेबी माणूस होते, फोनवर चार-पाच वाक्यांच्या वर बोलत नसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“पूल बांधला न्हाईस?” त्यांनी विचारलं.

“नाही साहेब. माणूस नवीन आहे. शिवाय त्याला सवय झालीय—”

“मगदूम, दुकानातनं जाणाऱ्या प्रत्येक मशीनला पूल असतोय. तू काय वेगळा आलास? संध्याकाळी ऑर्डर घेऊन ये. न्हाईतर येऊ नको.”

स्विचला दोन तारा येतात. त्यांचा जोड काढून दोन्ही टोकांत वाकवलेली एक पिन खुपसली की सीटवर माणूस असो नसो, मशीनला तो बसलाय असंच वाटतं. त्याला आमच्याकडे पूल म्हणायचे. गिऱ्हाइकांची तक्रार असायची की मशीन सारखं बंद पडतं, म्हणून आमचे मिस्त्री इसाकभाई पोहोचवायच्या आधीच पूल बांधून टाकायचे. त्यांच्या खोक्यात तसल्या पिनांची डबी असायची. डबीतल्या चार पिना माझ्या पाकिटात होत्या.

मशीन शेडच्या मागे सावलीत उभं होतं. मी सीट उचलली. काम दोन मिनिटांचं होतं.

मी स्वतःला सांगत होतो की हे मामांसाठी आहे. आता सवयीनं ते जरा उठले तरी इंजिन सुरू राहील, ते लगेच परत बसतील. दगड पात्याखाली जातील, जाऊ देत, चौकोन तासात पुरा होईल आणि मामा चार वर्षं राहतील. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त मी हे त्यांना सांगायला हवं होतं. आणि सांगितलं तर ते काय करतील तेही मला माहीत होतं. ते तसेच कर्नलसाहेबांसमोर जाऊन उभे राहिले असते आणि म्हणाले असते, सायब, पावण्यांनी मशीनचं कायतरी काढलंय.

“काय करतायसा?”

मामा शेडच्या कोपऱ्यावर उभे होते. हातात पाण्याचा तांब्या.

“काही नाही. तेल बघतोय,” मी म्हणालो आणि सीट खाली केली.

सीटखाली तेल नसतं. तीन दिवसांपूर्वी मीच त्यांना मशीनचा एकेक भाग दाखवला होता. इथे पेट्रोल, इथे तेल, हे पातं, सीटखाली फक्त स्विच. त्यांनी ते एकदाच ऐकून पाठ केलं होतं.

त्यांनी सीटकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“बरं,” ते म्हणाले. आणि तांब्या पुढे केला. “पाणी घ्या. उनानं तोंड सुकलंय तुमचं.”

मी पाणी प्यायलो.

“मामा, या खेपेला अजिबात उतरायचं नाही.”

“न्हाई उतरत.”

“दगड आला तरी.”

“न्हाई म्हनलं नव्हं.” त्यांनी पोतं उचललं, तरीही मशीनला अडकवलं. “असू दे. रिकामं असू दे, पर असू दे.”

पावणेबाराला कर्नलसाहेबांनी हात खाली केला आणि मामा निघाले.

दुसरा चौकोन व्यासपीठाच्या बाजूला होता. त्याचा खालचा पट्टा उताराचा होता आणि उताराच्या शेवटी पाण्याचा चर होता. चराच्या काठाला तिघी बायका उकिडव्या बसून खुरप्यानं गवत काढत होत्या. त्यांची तोंडं चराकडे होती, पाठी मैदानाकडे. सकाळपासून मशीन त्यांच्या मागून येत-जात होतं. त्या वळून बघत नव्हत्या. जवळ आलं की मामा ओरडायचे, “सरका गंऽ,” आणि तिघी बसल्या बसल्याच चार हात सरकायच्या. मशीन गेलं की परत जागेवर. बैलाच्या काळापासूनची ही पद्धत.

एकामागून एक पट्टे गेले, मामा उतरले नाहीत. पात्याखालून दगड जाताना खणकन आवाज यायचा आणि प्रत्येक आवाजाला मामांची मान आत जायची. हा चौकोन जवळचा होता, मला ते साठ पावलांवरून दिसत होतं.

“वीस मिनिटं, अर्धा चौकोन,” कुराडे म्हणाले. “ह्या खेपेला मशीनबी शहाण्यासारखं चाललंय.”

कर्नलसाहेबांच्या कागदावर एकही रेघ नव्हती. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“काय केलंत?” त्यांनी मला विचारलं.

“थोडं ॲडजस्ट केलं, सर.”

“सकाळीच करायला हवं होतं.”

“हो सर.”

बारा वाजून आठ मिनिटांनी मामा उताराच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला वळले. तोंड चराकडे, बायकांकडे. बायकांपासून ते ऐंशी-नव्वद पावलांवर असतील. मशीन माणूस झपझप चालेल त्या वेगानं उताराला लागलं.

पट्ट्याच्या मध्यावर मामा सीटवरून उठले.

पुढे काय होतं ते मी नंतर जाऊन बघितलं. नारळाएवढा जांभा होता, गवतात अर्धा रुतलेला. पात्यावर आला असता तर फुटून सरळ बायकांच्या पाठीत गेला असता. म्हणून ते उठले. सकाळी तेवीस वेळा उठले होते तसेच, घाई न करता, डावा पाय खाली सोडून, आता इंजिन थांबणार या हिशेबानं.

इंजिन थांबलं नाही.

मशीन त्यांच्याखालून पुढे गेलं. त्यांचा हात स्टिअरिंगवर होता, त्याच्याबरोबर ते दोन पावलं ओढले गेले, मग हात सुटला आणि ते कुशीवर पडले. मागचं चाक त्यांच्या डाव्या पावलावरून गेलं. स्टिअरिंगला बसलेल्या त्या हिसक्यानं मशीन दगडाला चुकवून थोडं वळलं आणि सरळ उताराला लागलं. त्याच्यावर कुणी नव्हतं.

“पडला की ओ,” कुराडे म्हणाले.

कर्नलसाहेब उठले. “तोडकर!”

“मशीनची काळजी नको साहेब,” कुराडे त्यांना म्हणाले. “सकाळपासनं बघतोय, माणूस उठला की बंद पडतंय. आता पडंल बघा बंद.”

तोवर मी पळायला लागलो होतो.

पळताना मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही. बायकांनी मागे बघितलं नाही. त्यांच्या मागून सकाळपासून तोच आवाज येत होता आणि “सरका” अजून कुणी म्हणालं नव्हतं. मी मामांच्या दोन हात अंतरावरून गेलो. ते पाय धरून पडले होते आणि माझ्याकडेच बघत होते. मी थांबलो नाही.

मी मशीनला गाठलं तेव्हा बायका दहा-बारा पावलांवर होत्या. डाव्या बाजूनं चढायचा प्रयत्न केला, ओल्या गवतावर बूट सरकला, गुडघा पात्याच्या पत्र्यावर आपटला. दुसऱ्या वेळी सीटची कड हाताला लागली. मी पोटावर सीटवर आडवा पडलो आणि हात लांब करून किल्ली फिरवली.

इंजिन थांबलं. मशीन गिअरमध्ये होतं, त्यामुळे एक हिसका देऊन जागेवर उभं राहिलं. पुढचं चाक आणि मधल्या बाईची पाठ यांत दोन वीत अंतर होतं. पातं अजून फिरत होतं. त्याचा आवाज हळूहळू उतरत गेला आणि मग बंद झाला.

आता हौसाक्का वळली. तिघींतली ती वयानं मोठी. मी सीटवर पालथा पडलेलो तिनं बघितलं.

“काय ओ पावणं,” ती म्हणाली, “परत बंद पडलं व्हय?”

मी उठून बसलो.  ती मागे मैदानात बघायला लागली, मामा पडलेले तिला दिसले आणि खुरपं टाकून ती धावली.

मामांच्या पावलाची सूज डोळ्यांदेखत वाढत होती. रक्त फारसं नव्हतं. कर्नलसाहेब गुडघ्यावर बसून पाऊल तपासत होते, जीपला निरोप गेला होता. कुराडे छत्री धरून उभे होते. मी तिथे पोहोचलो तेव्हा मामाच बोलत होते.

“चूक माझी हाय सायब. पावण्यांनी सांगितलं व्हतं उतरू नगा. म्या उतरलो.”

“तरी मी म्हणत होतो,” कुराडे म्हणाले. “बैलाची सवय लागलेला माणूस. मशीन चालवणं हे ड्रायव्हरचं काम हाय साहेब. त्या दुसऱ्या दुकानाला फोन लावू काय?”

 कर्नलसाहेबांनी मामांचं पाऊल हळूच खाली ठेवलं आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

“मगदूम, हा माणूस खाली पडला होता,” ते म्हणाले. “तुम्ही त्याच्या शेजारून पळत गेलात. थांबला नाहीत.”

“हो सर.”

“आम्ही दोघं उभे होतो, कारण आम्हाला वाटलं मशीन थांबेल. तुम्हाला तसं वाटलं नाही.”

ते उठून उभे राहिले.

“का नाही वाटलं?”

खाली मामा पडले होते. त्यांनी मला शेडच्या मागे सीट खाली करताना बघितलं होतं, आणि अजूनपर्यंत त्यातला एक शब्दही ते बोलले नव्हते. ते माझ्याकडे बघत नव्हते. पोत्याकडे बघत होते. ते मशीनवरून निसटून गवतात पडलं होतं. रिकामं.

कोल्हापूरला परतायची शेवटची थेट गाडी अडीचला होती. ऑर्डर घेऊन यायचं होतं. मी एवढं म्हणालो असतो की सर, उतार बघून मी घाबरलो, तर ते कुणाला खोटं पाडता आलं नसतं. निघायच्या आधी मी पिन काढून टाकली असती. करार दुसऱ्या दुकानाला गेला असता, मामा घरी गेले असते आणि शाळेत सगळ्यांना हेच माहीत राहिलं असतं की दौलू तोडकरला मशीन जमलं नाही.

“या माझ्याबरोबर, सर,” मी म्हणालो.

मशीन चराच्या काठाला तसंच उभं होतं. मी सीट उचलली आणि तारांच्या जोडातली पिन बोटानं दाखवली. ही कशासाठी आहे, कधी घातली आणि कुणाला सांगितलं नाही, ते क्रमानं सांगितलं. कर्नलसाहेब वाकून बघत होते. त्यांनी मधे एकच प्रश्न विचारला.

“तोडकरला माहीत होतं?”

“नाही. ते समोर आले तेव्हा मी त्यांना म्हणालो, तेल बघतोय.”

“हे लिहून द्याल?”

कुराड्यांच्या वहीचं पान फाडून मी तिथेच, मशीनच्या पत्र्यावर कागद ठेवून लिहून दिलं. अकरा ओळी झाल्या. तारीख, वेळ, सही. कर्नलसाहेबांनी तो वाचला, घडी करून खिशात ठेवला, आणि मग ते व्यायामशाळेकडे चालत गेले. तडा गेलेल्या काचेखाली वाकून त्यांनी काहीतरी उचललं. परत आले तेव्हा त्यांच्या तळहातावर लिंबाएवढा जांभ्याचा तुकडा होता. ताजा फुटलेला, एका बाजूनं लालभडक. तो त्यांनी कुराड्यांच्या उघड्या वहीवर ठेवला.

“चेंडू,” ते म्हणाले.

गडहिंग्लजला दवाखान्यात मी जीपच्या मागे शाळेतल्या एकाच्या मोटरसायकलवर बसून गेलो. अडीचची गाडी गेली. दोन बोटांची हाडं मोडली होती. प्लास्टर झालं तेव्हा चार वाजले होते. हौसाक्का बाहेर बाकावर बसली होती. मी आत गेलो. मामा उशीला टेकून बसले होते, चहा बशीत ओतून पीत होते.

“मामा,” मी म्हणालो.

“बसा,” ते म्हणाले.

मी बसलो. त्यांनी बशी खाली ठेवली.

“तेल बघताय म्हनला, तवाच कळालं व्हतं मला,” ते म्हणाले. “तितं तेल नसतंय.”

“मग विचारलं का नाही?”

“तुमी लपवताय म्हनल्यावर इचारायचं कसं? शिकल्याला माणूस. तुमच्या पोटावर येतंय कायतरी, एवढं दिसत व्हतं.” त्यांनी प्लास्टरकडे बघितलं. “मला वाटलं, कायतरी पेट्रोलचं आसंल, येगाचं आसंल. थांबायचंच काढलं आसंल असं न्हाई वाटलं. एवढंच एक तर चांगलं व्हतं त्या मशीनमधी.”

मी मान खाली घातली.

“बैल दुसऱ्याच्या हातात देताना माणूस सांगतोय,” ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. “ह्यो डावीकडनं मारतोय. ह्यो छत्रीला बुजतोय. शत्रूला बैल इकला तरी सांगतोय. त्याला पैसं पडत न्हाईत.”

ते परत चहा प्यायला लागले. मी उठलो. मी निघताना ते म्हणाले, “हौसाक्काला अजून कळल्यालं न्हाई ते चाक किती जवळ आलतं. सांगू नका. रातीची झोपायची न्हाई ती.”

चौगुलेसाहेबांनी दुसऱ्या दिवशी मला काढलं. कर्नलसाहेबांनी मशीन मात्र आमच्याच दुकानाकडून घेतलं, स्विच जागेवर आहे असं लेखी घेऊन. त्या पंधरा ऑगस्टची परेड गुडघ्याएवढ्या गवतात झाली. ऑक्टोबरात मामा परत सीटवर बसले. एक एकराला एक तास वीस मिनिटं. कुराड्यांनी तो आकडा वहीत लिहिला आणि त्यावर कुणी काही बोललं नाही, असं मला नंतर कळलं. चार वर्षं पुरी करून मामा निवृत्त झाले.

माझं आता निपाणी रस्त्याला दुरुस्तीचं दुकान आहे. महिन्यातून एखादा तरी माणूस मशीन घेऊन येतो. कुणी फार्महाऊसवाला, कुणी मंगल कार्यालयवाला. म्हणतो, सीटखालचं ते काढून टाका, माळी जरा उठला की बंद पडतं.

“काढतो,” मी म्हणतो. “चालवणाऱ्याला घेऊन या. त्याच्यासमोर काढतो.”

ते पुन्हा येतात, तेव्हा एकटेच येतात. मी मशीन आहे तसं परत देतो.